टँकरवर चालणारा कंप्युटर

आमच्या घरी कंप्युटर आला तो खोक्याखोक्यांतून आला, आणि त्यातला एकही भाग कुणा दुकानदारानं जोडून दिलेला नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात सगळ्यांची बोटं माझ्याकडंच होती. सुटे भाग नांदेडच्या मामानं हैदराबादहून आणवले, नांदेडहून बाबांनी ते एसटीत मांडीवर घेऊन लातूरला आणले, आणि पुढच्या खोलीत सतरंजी अंथरून मी ते एकाच दुपारी जोडले. औसा रस्त्यावरच्या एका क्लासात मी हार्डवेअर शिकले होते, वर्गात मुलगी मी एकटी. ‘टायपिंगच्या बॅचला बस की,’ असं तिथले मास्तर म्हणाले तेव्हा मी म्हणाले, ‘टायपिंग येतं मला, म्हणून तर इकडं आले.’ माझा स्वभाव तेव्हाही असाच होता आणि आता त्याला औषध नाही. शेवटचा स्क्रू पिळला, आईनं बुद्धवंदना म्हटली, बाबांनी बटण दाबलं, पंखा भर्रकन फिरला आणि पडद्यावर अक्षरं आली. आईनं शेवयांची खीर केली होती. वाटी हातात घेऊन बाबा दारात उभे राहिले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, ‘पोरीनं सोता जोडलाय, सोता!’ या कंप्युटरपायी त्यांनी घ्यायची ठरवलेली स्कूटर सोडून दिली होती आणि कचेरीत पायी जात होते, पण त्या दिवशी त्यांच्या चालण्यात वेगळाच तोरा होता. खिरीच्या वाट्या पुसून होईपर्यंत कंप्युटर बंद पडला.

बंद पडला म्हणजे कसा, तर चालता चालता पडदा काळा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. कधी निळा पडदा यायचा, त्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी, आणि मग सगळं ठप्प. मी चालू केला की थोडा वेळ बरा चालायचा आणि नेमकं काहीतरी अर्धं टाइप झालं की मान टाकायचा. मी अजिबात घाबरले नाही. हे लिहिताना कुणाला बढाई वाटली तर वाटो, पण मला तेव्हा पक्कं ठाऊक होतं की जोडणीत चूक नाही. चूक असती तर तो सुरूच झाला नसता.

आमचं घर कारकुनांच्या वसाहतीत. लातूर जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून माणसं आली आणि माणसांसाठी घाईघाईत घरं उठली. बाबा नायगावकडचं गाव सोडून पाटबंधारे खात्यात आले ते तेव्हाच. मी वाढून वीस वर्षांची झाले तरी आमच्या घरात त्याला ‘नवा जिल्हा’च म्हणत. त्या वर्षीच्या दुष्काळात धरणं कोरडी, तेव्हा पाटबंधाऱ्याच्या लोकांना काय काम, असं शेजारी चिडवायचे. बाबा म्हणायचे, ‘पाणी आसलं की येक कागूद, नसलं की धा.’ आणि खरंच ते अंधार पडल्यावर घरी यायचे, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या.

पाण्याचा सगळा कारभार आईकडं होता, आणि तिच्या कारभारात वशिला चालत नव्हता. भाजी धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं फरशीला, फरशीचं संडासाला. आंघोळ करायची ती बाजेवर बसून, बाजेखाली घमेलं ठेवून, म्हणजे अंगावरचं पाणी वाया जायला नको. मोरी असून मोरीत कुणी आंघोळ करत नव्हतं, तिचा दगड कोरडा ठणठणीत झाला होता. जेवायला ताटंसुद्धा नव्हती, भाकरीच हातात घ्यायची, तिच्यावर शेंगदाण्याची चटणी नाहीतर उडदाचं घट्ट घुटं, आणि खाऊन झालं की हात झटकायचे. पिण्याची तेवढी तांब्याची घागर वेगळी. ती उतरंडीवर झाकून ठेवलेली असायची आणि तिला आई सोडून कुणीच हात लावायचा नाही. बाबांनासुद्धा ती पेला मोजून द्यायची. टँकर आला की मात्र साठलेले कपडे मागल्या अंगणात धुतले जायचे. त्या साबणाच्या पाण्याला तेवढी वाहायची मुभा होती.

कंप्युटर बिघडलाय म्हटल्यावर गल्लीत जो तो डॉक्टर झाला. कुणी म्हणे धूळ गेली, कुणी म्हणे उन्हानं तापला. शेजारच्या शकुंतलाकाकू लिंबू-मिरची घेऊन आल्या, तेव्हा आई म्हणाली, ‘वहिनी, लिंबू ऱ्हाऊ द्या, सरबताला हुईल. मिरच्या बी ठेचायला घेते. बाकी आमच्यात तसलं न्हाई.’ मी माझ्या पद्धतीनं चालले होते. आधी रॅम काढली, तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं घासून लख्ख केले आणि पुन्हा बसवली. बंद पडला. प्रोसेसरवरचा पंखा काढून खालचा मलम नवा लावला. बंद पडला. हार्डडिस्क कोरी करून सगळी सिस्टिम पुन्हा टाकली. तीन वेळा निम्म्यात बंद पडून चौथ्यांदा ती पुरी झाली आणि मग बंद पडला. क्लासातून पॉवर सप्लाय उसना आणून लावला, तरी तेच. एक भाग बदलायचा, बाकी सगळं जिथल्या तिथं ठेवायचं आणि बघायचं, हे मला शिकवलेलं होतं आणि ते मी नेटानं केलं. आज माझ्याकडं काम करणाऱ्या मुली एकदम चार गोष्टी बदलतात आणि मग विचारतात, ‘मॅडम, कशामुळं दुरुस्त झालं?’ मला असा राग येतो त्यांचा!

अशातच शिकवणीचे एक सर घरी आले. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली शिकवण्या निघत होत्या आणि शिकवणी म्हटली की दर रविवारी परीक्षा. सरांना विज्ञानाचे पेपर मराठीतून, आकृत्यांसकट, स्वच्छ छापून हवे होते. त्यांचा छापखानेवाला चिन्हं चुकवायचा आणि मुलं वरून सरांनाच हसायची. मी म्हणाले, ‘करते.’ सर म्हणाले, ‘पहिला पेपर जमला तर वर्षभराचं काम तुझं. न्हाई जमला तर माझं पोरांपुढं हसं हुईल, मग मी परत यायचो न्हाई.’ मी पुन्हा म्हणाले, ‘करते की.’ आत आई चुलीपुढं बसली होती, तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं.

त्या रात्री जेवताना बाबांनी विचारलं, ‘सुजे, खरं सांग. हे चालणार हाय का न्हाई?’

‘चालणार हाय.’

‘मग चालत का न्हाई?’

मी दुसऱ्याच दिवशी कंप्युटर उचलला आणि नांदेडला मामाकडं निघाले. क्लासात सांगितलेलं होतं, सगळे भाग बदलून झाले आणि रोग तसाच राहिला तर जागा बदला. मॉनिटर मामाच्या शाळेतून मिळणार होता, तेव्हा मी फक्त सीपीयूचा डबा घेतला, गोधडीत गुंडाळला आणि एसटीत मांडीवर धरला. कंडक्टरनं विचारलं, ‘लेकरू हाय का त्यात?’ मी म्हणाले, ‘हाव, आजारी हाय.’ खिडकीतून बाहेर नुसती भेगाळलेली रानं होती आणि रस्त्याच्या कडेला रिकाम्या पिंपांच्या रांगा.

मामा नांदेडच्या एका शाळेत मास्तर, आईचा थोरला भाऊ. घरात त्याचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. त्याच्याकडं गोदावरीचं पाणी, नळाला धार. मामी अंगणात सडा टाकत होती, ते बघून मला तर धक्काच बसला. कंप्युटर जोडला आणि काय सांगू, एकदासुद्धा बंद पडला नाही! दिवसभर चालवला, दुसऱ्या दिवशी चालवला, मामाची पोरं त्यावर पत्ते खेळत बसली, तरी पठ्ठ्या हलला नाही. मी आनंदानं ओरडले, ‘बघा! माझी जोडणी बरोबर हाय!’

मामा हसला. ‘इथं तर दुरुस्त चालून राहिलंय. म्हणजे लातूरला तूच काहीतरी खुडबूड करून राहिलीस. ऐक माझं, डीएडला तुझी जागा बोलून ठेवलीय. इथंच राहा, शिक, मास्तरीण हो. अन् हे मशीन माझ्या पोरांना राहू दे, त्यांच्या कामाला येईल.’

मला मास्तरीण व्हायचं नव्हतं. मास्तरकी वाईट म्हणून नव्हे, मला हे करायचं होतं म्हणून. पण मामानं त्याच संध्याकाळी बाबांना फोन केला आणि दोघांनी ठरवूनही टाकलं: सरांचा पेपर शनिवारपर्यंत या मशीनवर निघाला तर ठीक, नाही निघाला तर रविवारी मामा येणार आणि कंप्युटर आणि मी, दोघांनाही नांदेडला घेऊन जाणार. मी म्हणाले, ‘चालंल.’ काय बोलून बसले हे मला परतीच्या एसटीत कळलं.

लातूरला आल्या आल्या जोडला. थोड्याच वेळात बंद. म्हणजे कंप्युटर बरा होता आणि आजारी आमचं घर होतं. आता मी घर तपासायला घेतलं. दिवे मिणमिणायचे, स्टॅबिलायझर टकटक करायचा, पण लातुरात कुणाचे दिवे मिणमिणत नव्हते? मी नुसती बसून मागचे सगळे दिवस आठवत राहिले, तो कधी बरा होता आणि कधी नाही. आणि माझ्या ध्यानात एक इतकी वेडगळ गोष्ट आली की ती बोलून दाखवायलाही लाज वाटावी. टँकर आला की कंप्युटर सुधारायचा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मस्त चालायचा, मग हळूहळू कण्हायला लागायचा आणि पुढचा टँकर येईपर्यंत मरून पडायचा.

मी हे आईला सांगितलं. ती पोट धरून हसली. ‘आगं, त्याला बी तहान लागती का काय? पेला देऊ का भरून?’

हसत हसत आम्ही दोघी मागल्या अंगणात गेलो, आणि मी जागीच थबकले. कपडे धुतलेलं पाणी वाहत जायचं ते भिंतीच्या कोपऱ्यात, आणि त्या कोपऱ्यात घराच्या अर्थिंगचा, म्हणजे वीज जमिनीत उतरवायचा, खड्डा होता. पूर्वी मोरीचं पाणीही त्याच कोपऱ्यात जिरायचं. मी पळत आत गेले आणि टेस्टर आणला. वीज येते त्या भोकात टेस्टर पेटायला हवा, परतीच्या भोकात पेटता कामा नये. आमच्याकडं दोन्हींत पेटत होता. मीटरची पाटी उघडली, तारा धुंडाळल्या, आणि सगळं उघडं झालं. खांबावरून येणारी परतीची तार जोडलेलीच नव्हती. घरं घाईत बांधली तेव्हा वायरमननं ती लोंबती सोडली आणि सगळं घर अर्थिंगच्या खड्ड्यावर चालवलं. शेजारी बघितलं, तिथंही तेच, आख्खी ओळ तशीच. इतकी वर्षं कुणाला पत्ता नाही, कारण मोरीच्या पाण्यानं खड्डे ओले असायचे. आता आम्ही बाजेवर बसून आंघोळी करत होतो, थेंब न् थेंब घमेल्यात धरत होतो, खड्डे सुकले आणि विजेला परतायला वाट उरली नाही. दिवे ते कसंबसं सोसत होते, माझ्या कंप्युटरला सोसत नव्हतं. मी अंगणात नाचले, खोटं कशाला सांगू! (एक सांगून ठेवते, असा खड्डा हा जिवाशी खेळ आहे. कुणी ओल्या पायानं त्याच्याजवळ जाऊ नये. आमचं नशीब चांगलं, दुसरं काय.)

बाबा लगेच वीज कचेरीत जाऊन आले. खांबावर चढणारा माणूस सोमवारी येणार होता आणि माझा पेपर शनिवारी हवा होता. मधल्या दिवसांत मी घमेल्यातलं पाणी खड्ड्यात टाकायला सुरुवात केली, वर मूठभर खडेमीठ, कारण खारट ओलीत वीज लवकर उतरते, संडासाला नुसती राख टाकून भागवलं. पाणी टाकलं की टेस्टरचा परतीकडचा उजेड मंद व्हायचा आणि मी पळत जाऊन टाइप करायला बसायची. दर ओळीला सेव्ह. हृदयाची आकृती काढली, पचनसंस्था काढली, रेणूंची चिन्हं एकेक करून बसवली. शकुंतलाकाकू भिंतीवरून बघायच्या आणि म्हणायच्या, ‘मातीला पाणी पाजती, बाई, या काळात!’

शनिवारी टँकर यायचा होता, तो आलाच नाही. कुठंतरी मुरुडकडं बंद पडल्याचं कळलं. सकाळपर्यंतचं सगळं घमेल्यातलं पाणी संपलं. दुपारनंतर सर येऊन पुढच्या खोलीत बसले. पेपर तयार होता, फक्त छापायचा राहिला होता, आणि क्लासातून उसना आणलेला प्रिंटर लावला की जास्तीचा भार पडून कंप्युटर पुन्हा बंद. एकदा झालं, दोनदा झालं. भारनियमनात सरांच्या शिकवणीच्या भागात आणि माझ्या क्लासाकडं त्या वेळी वीज जायची, तेव्हा तिथं नेणं नव्हतं, आमची संध्याकाळी जाणार होती. शेजारी नेऊन काय उपयोग, त्यांचेही खड्डे तसलेच. सरांनी घड्याळ बघितलं. ‘बाई, मी छापखान्यात जाऊ का? आजूक उघडा आसंल.’

मी म्हणाले, ‘थोडं थांबा, सर.’ मी मागं गेले. पिंप पालथं घातलेलं, बादल्या कोरड्या, घमेलं कोरडं. बाबा दारात उभे होते, त्यांनाही काही सुचत नव्हतं. ते हळूच म्हणाले, ‘जाऊ दे सुजे. तू शोधून काढलंस ना, बास झालं. नांदेड काय वाईट गाव न्हाई.’ ते ऐकून मला रडू आलं, आणि मी फारशी रडणारी नाही.

आई चुलीपासून उठली. उतरंडीपाशी गेली, घागरीवरचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि घागर कमरेवर घेतली. बाबा म्हणाले, ‘अगं ए, काय करतीस? प्यायचं हाय ते!’ तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मागल्या दारात चपला घातल्या, डब्यातलं मूठभर खडेमीठ खड्ड्यात टाकलं आणि लांबूनच घागर तिरपी केली. पाणी पडायला लागलं, स्वच्छ, गाळलेलं, पिण्याचं पाणी. भिंतीपलीकडून शकुंतलाकाकूंचा ‘आगं बया!’ असा आवाज आला. आईनं घागर पार उपडी होईपर्यंत धरली आणि मग माझ्याकडं वळून ओरडली, ‘हुभी काय ऱ्हायलीस? जा, छाप!’

मी धावत गेले. टेस्टर बघितला नाही, काहीच बघितलं नाही. चालू केला, पेपर उघडला आणि छापायला दिला. प्रिंटर खर्रर्र खर्रर्र करत एकेक पान बाहेर टाकत गेला आणि मी प्रत्येक पानाला हातानं अलगद धरत गेले. सरांनी शेवटचं पान उजेडात धरून बघितलं, चिन्हं बघितली, हृदयाची आकृती बघितली. ‘फस्क्लास,’ म्हणाले, आणि पुढच्या रविवारचा मजकूर तिथंच काढून दिला. ते गेल्यावर आम्ही तिघं भाकरी खायला बसलो आणि घरात प्यायला एक घोट पाणी नव्हतं. बाबा ठेचा खाऊन ठसकले, आई हसायला लागली, आणि मग आम्ही सगळेच हसायला लागलो. शकुंतलाकाकूंनी एक तांब्या आणून दिला आणि वर चार गोष्टी सुनावल्या.

रविवारी सकाळीच मामा आला. एका खांद्यावर रिकामी पोती, कंप्युटर बांधून न्यायला, आणि दुसऱ्या हातात पाण्यानं भरलेला मोठा कॅन. त्या दुष्काळात नांदेडकडचे पाहुणे लातूरला असंच पाणी घेऊन यायचे. मी सांगितलं की पेपर निघाला, सरांनी पुढचंही काम दिलं. मामाचं समाधान झालं नाही.

‘एकदा निघाला,’ तो आत चुलीपुढं बसलेल्या आईला ऐकू जाईल असं म्हणाला. ‘रोज निघंल का? तार जोडायला माणूस येईल का, याचा तरी भरोसा हाय का? कमळे, पोरीचं वय चाललंय. डीएडची जागा काय थांबून राहत नाही. मी तिला घेऊन जातो.’

बाबा खाली बघत बसले. मी तोंड उघडणार, एवढ्यात आई बाहेर आली. मामापुढं तिला मोठ्यानं बोलताना मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ती मोठ्यानं बोलली नाही.

‘आण्णा,’ ती म्हणाली, ‘काल हिच्यासाठी घागर वतली म्या त्या खड्ड्यात. आता ही कुठं जात नसती.’

मामा तिच्याकडं बघत राहिला. ‘घागर? प्यायची?’

‘प्यायची.’

मामानं खांद्यावरची पोती काढून खाली ठेवली, कॅन उचलला, आत गेला आणि आमची घागर भरायला लागला.